होडीच्या शेडमधली विळी

मित्रांनो, मी एक जुनी विळी आहे. जुनी म्हणजे बोथट नव्हे. खात्री करायची तर बोट लावून बघा, पण मग रडत आईकडे जाऊ नका. देवरुखच्या लोहाराने मला घडवलं. बसायला फणसाचा पाट, त्यावर उभं पातं आणि पात्याच्या टोकाला नारळ खवायची खोवणी, बारीक दातांची. शोभनाताईंच्या हाताखाली मी नारळ खवले, मासे चिरले आणि कौतुकही पोटभर ऐकलं.

पुढे त्यांची लेक रोहिणी औषधांच्या कंपनीत शास्त्रज्ञ होऊन आयर्लंडला गेली. जाताना तिने मला बॅगेत घातलं. कॉर्कच्या दक्षिणेला बॅलीकीव्ह नावाचं समुद्रकाठचं गाव आहे, सगळे बंगलेवाले आणि यॉटवाले. तिथल्या एका बंगल्यामागची छोटी कॉटेज रोहिणीने भाड्याने घेतली. मिक्सर ओट्यावर मिरवायचा आणि मी सिंकखालच्या प्रेसमध्ये, म्हणजे आपल्या कपाटात, गंजत पडले. फार वाईट वाटायचं हो.

२०२०च्या मार्चमध्ये शोभनाताई लेकीकडे आल्या आणि विमानंच बंद झाली. अडकल्या बिचाऱ्या, पण माझं नशीब उघडलं. त्यांनी मला हुडकून काढलं, घासलं, धार लावली. बंगल्याचे मालक डेस्मंड हर्ली म्हातारे, एकटे. ते समुद्रातून बांगडे धरून आणायचे. घरात वास नको म्हणून ताई त्यांच्या होडीच्या शेडमध्ये मला घेऊन बसायच्या. डेस्मंड अंतर राखून दाराबाहेर बसायचे. यांना मराठी येईना, त्यांना इंग्रजी येईना, तरी गप्पा तासभर. मी रात्रंदिवस शेडमध्येच राहू लागले.

उन्हाळ्यात डेस्मंडचा पुतण्या फिनबार डब्लिनहून राहायला आला. बंगला विकून टाका, असं तो काकाच्या मागे लागला होता. काका ऐकत नव्हते.

ऑगस्टमधल्या एका दुपारी डेस्मंड शेडमध्ये पाठमोरे उभे राहून दोर गुंडाळत होते. कुणीतरी मागून आलं आणि मला उचललं. चेहरा मला दिसला नाही. पण त्या माणसाने मला खोवणीशी धरलं आणि लाकडी पाट डेस्मंडच्या डोक्यात घातला. ज्या माणसासाठी मी इतके बांगडे चिरले, तो माझ्याच घावाने गेला. माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं.

पोलीस आले, त्यांना तिथे गार्डा म्हणतात. सार्जंट ईफा नावाची बाई पुढे होती. फिनबार डोळे पुसत म्हणाला, "ही वस्तू त्या मागच्या बाईची. ती दिवसभर इथेच असते."

सार्जंटने मायलेकींना बोलावलं. शोभनाताईंनी मला ओळखलं आणि होकारार्थी मान हलवली. रोहिणीने आईचा हात धरला. परक्या मुलखात आईला खुनी ठरवताहेत आणि आईला एक शब्द कळत नाही. "तुमच्या आईंना आमच्याबरोबर यावं लागेल," सार्जंट म्हणाली आणि मला पिशवीत घालायला वाकली. तिचा हात थेट खोवणीकडे.

"थांब गो बाय, तिथं धरू नको," शोभनाताई पुढे धावल्या. "दात आहेत तिला, हात फाटंल तुझा."

जी आपल्याला पकडून न्यायला आली, तिचाच हात वाचवायला धावल्या. आमची ताई तशीच आहे. रोहिणीने इंग्रजीत सांगितलं, "आई म्हणते, ही पाटाला धरूनच उचलायची. टोकाला धरलं की तळवा फाटतो. आमच्याकडे पोरंटोरंही तिथे हात लावत नाहीत."

सार्जंट वाकल्या जागीच थांबली. पाटाला रक्त होतं, ते डेस्मंडचं. पण खोवणीच्या दातांतही रक्त होतं. ते कुणाचं? तिने एकदा शोभनाताईंचे तळवे उघडून पाहिले. धड होते. मग ती फिनबारकडे वळली. त्याच्या एकाच हातात, उजव्या, यॉटवर घालतात तसा चामड्याचा हातमोजा होता.

"मोजा काढा," ती म्हणाली.

"दोराने सोललंय," तो म्हणाला.

"मग बघू दे ना."

मोजा निघाला. तळव्यावर अर्धगोलात माझे दात उमटले होते, एक ना एक! मित्रांनो, मला तोंड नाही, पण त्या दिवशी मी सगळ्यांसमोर साक्ष दिली. तपासणीतही ते रक्त फिनबारचंच निघालं. २०२१ संपायच्या आत त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. पण शेडमधून त्याला गाडीत घातलं, त्याच दिवशी शोभनाताई शेडच्या पायरीवर बसून डेस्मंडसाठी पोटभर रडल्या. तोवर रडायलाही सवड मिळाली नव्हती.

तुमच्याही घरात एखादी जुनी विळी, अडकित्ता, पाटा अडगळीत पडला असेल. त्याला बाहेर काढा, पुसा, तेलाचा हात फिरवा. आम्ही नुसत्या वस्तू नाही, घरच्या माणसांचे हात आम्ही ओळखतो. परका हात मी ओळखला, म्हणून माझी शोभनाताई तुरुंगात नाही, लेकीच्या घरात आहे. खटला संपल्यावर गार्डांनी मला परत दिलं आणि आत्ता ती माझ्यावर बसून नारळ खवते आहे.