मोकळे म्हणणारा शिक्का

मी एक जुना रबरी शिक्का आहे. माझी मूठ बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची, आणि माझ्यावर एकच शब्द कोरलेला आहे: ‘मोकळे’. नेदरलँड्समधल्या एका विमानतळावर, जकात अधिकारी वोबे याच्या टेबलावर मी एकवीस वर्षं काढली. मित्रांनो, परदेशी माल कितीही मोठा असो, मी कागदावर उमटल्याशिवाय तो फाटकाबाहेर पडत नसे. त्याचा मला फार तोरा होता.

माल सोडवणारे दलाल आधी घोषणापत्र भरत. माल काय, कुठला, कशासाठी. प्रत्येक मालाला ठरलेला क्रमांक असे आणि त्यावरून जकात ठरे, तपासणीही ठरे. घाईत सगळेच दलाल आदल्या दिवशीचा कागद समोर ठेवून नवा उतरवत. सीत्स्के नावाची एक दलाल होती, तीही तेच करी.

एका शुक्रवारी दुपारी ती धापा टाकत आली. तिचा भाऊ येल्मर प्राणिसंग्रहालयात साप सांभाळायचा. त्याला आफ्रिकी साप चावला होता आणि विषावरचं औषध नुकतंच विमानाने उतरलं होतं.

वोबेने कागद वाचला. “अगं, हे काय? ‘घोड्याचं रक्तद्रव्य, प्रयोगशाळेसाठी.’ या क्रमांकाचा माल पशुवैद्याच्या तपासणीला लागलाय.”

सीत्स्के पांढरीफटक पडली. “ते कालच्या गिऱ्हाईकाचं! चुकून तेच उतरवलं गेलं रे. थांब, बदलते.”

“तपासणीला लागल्यावर घोषणा बदलता येत नाही. हे तूच नव्या पोरांना शिकवतेस ना?”

“वोबे, येल्मर आहे तो! तुझ्या लेकीला कासव दाखवणारा!”

वोबेचा हात माझ्या मुठीवर आला. मला वाटलं, आता उचलेल. त्याने फोन उचलला. पशुवैद्य दुसऱ्या गोदामात मांस तपासत होता. वोबे त्याच्यावर ओरडला, वरिष्ठांना त्याने विनवलं, पण मला उचललं नाही. नियम मोडायची त्याला सवयच नव्हती.

पशुवैद्य सव्वाचारला आला. त्याने खोका उघडला, सही केली, आणि मी कागदावर उमटलो. तेवढ्यात इस्पितळातून सीत्स्केसाठी फोन आला.

तिने फोन ठेवला आणि वोबेला एवढंच म्हणाली, “खोका राहू दे. येल्मर गेला.”

पुढे संगणक आले आणि मी खणात गेलो. त्याचं मला दुःख नाही. मित्रांनो, कागद भरताना कालचा कागद झाकून ठेवा. आणि कुणाच्या हाती माझ्यासारखा शिक्का असेल, तर त्याने कागदापलीकडे उभ्या माणसाकडेही एकदा बघावं. मला डोळे नव्हते. वोबेला होते.