पट्टा सोडून बाकी सगळं

बेंगळुरूच्या कंपनीचा पृथ्वीराज शुक्रवार पेठेत सुकन्याच्या घरी आला, तो करार छापूनच. मेंढीच्या गळ्यातल्या पट्ट्यात बसणाऱ्या वायरलेस यंत्राचं पेटंट सुकन्या आणि तिचे वडील आण्णा अशा दोघांच्या नावावर होतं. कळप बसला की सगळ्यांच्या वतीनं एकाच मेंढीनं सिग्नल द्यायचा, बाकीच्यांनी बॅटरी वाचवायची, ही अक्कल आण्णांची; ती यंत्रात उतरवली सुकन्यानं. आण्णा आपल्या मेंढीच्या गळ्यातला एक पट्टा नमुना म्हणून पिशवीत घेऊन होटगीहून सही करायला आले होते आणि पंख्याखालची खुर्ची सोडायला तयार नव्हते.

"लायसन्स फक्त आम्हाला," पृथ्वीराज म्हणाला. "दुसऱ्या कुणालाच नाही."

"आणि आमच्या लोकांना मी पट्टे करून देते, ते?"

"तेही बंद करावे लागतील, मॅडम."

"मेंढ्या-शेळ्या तेवढ्या वगळा. गाई, म्हशी, कारखाने, काय हवं ते घ्या."

"हेड ऑफिस ऐकणार नाही."

भावकीतल्या निम्म्या कळपांच्या गळ्यात सुकन्याचे पट्टे होते. रानात लांडगा शिरला, कळप उधळला की फोन वाजायचा. सही केली तर ते गेलं. नाही केली तर पेटंट कपाटात पडून, कारण दुसरं गिऱ्हाईक दारात उभं नव्हतं. तिनं पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पृथ्वीराज म्हणाला, "काका, तो नमुन्याचा पट्टा द्या. इंजिनिअर लोकांना लागेल."

आण्णांनी पिशवी मांडीवर ओढली. "पट्टा मिळायचा न्हाय."

"का?"

"जनावर घिऊन जावा. गळ्यातलं आमी देत न्हाय. आमच्या बानं दिलं न्हाय, त्याच्या बानं दिलं न्हाय."

जनावर विकलं तरी दावं सोडून घरी आणायचं, नाहीतर बरकत गिऱ्हाइकाच्या मागं जाते, ही आण्णांच्या घरची रीत. सुकन्याला ती कळत्या वयापासून ठाऊक. पृथ्वीराजला कुठून ठाऊक असणार? तो सुकन्याकडं वळला.

"म्हणजे मेंढ्यांचा हक्क ते सोडणार नाहीत?"

दोन वाक्यांत ती रीत समजावता आली असती.

"त्यांची सही लागतेच," सुकन्या म्हणाली. आणि ते तर खरंच होतं.

पृथ्वीराज फोन घेऊन गॅलरीत गेला. बराच वेळ इंग्रजीत अजिजी करून, घाम पुसत परत आला. "मेंढ्या-शेळ्या तुमच्याकडं. बाकी सगळं आमचं. पण हे शेवटचं हां, काका."

"बरं," आण्णा म्हणाले. कशाचं शेवटचं, ते त्यांनी विचारलं नाही.

कोपऱ्यावरच्या दुकानातून नवं पान छापून आलं, सह्या झाल्या, नमुना नवीन करून पाठवते असं सुकन्यानं कबूल केलं, आणि रिक्षा स्टेशनकडं गेली. आण्णांनी पिशवी मांडीवरून खाली ठेवली.

"नुसता बगायला पायजे हुता व्हय त्याला?"

"हो."

"परत धाडणार हुता?"

"हो, आण्णा."

"मग आदी सांगायचं की गं. उसना दिला असता. उसनं द्यायला आपल्यात कुटं बंदी हाय?"

सुकन्यानं मेंढ्यांचं कलम आणखी एकदा वाचलं आणि करार घडी करून कपाटात ठेवला.

"जेवून घ्या," ती म्हणाली.