गारवेळ की गार वेळ

शब्द तोडायचा की जोडायचा, यावरून मी तीस वर्षं पोरांचे मार्क कापले. घरात कन्नड बोलणारी मी, रत्नम्मा, शाळेत मराठी शिकवायची. म्हणून जरा जास्तच कापले. निवृत्तीनंतर सात रस्त्यावरच्या ताबीशच्या बोर्डाच्या दुकानात मजकूर तपासायला लागले, तरी खोड गेली नाही.

परवा त्याच्याकडे चिंचोळीतल्या सूत रंगवायच्या कारखान्याचा बोर्ड आला. वाफेवर चालणाऱ्या बंद टाकीवर लावायचा. मजकूर होता, ‘गरमवेळ ९० मिनिटे, गारवेळ ४० मिनिटे’. म्हणजे टाकी दीड तास तापवायची, मग चाळीस मिनिटं निवू द्यायची आणि मगच झाकण उघडायचं.

“असले शब्द मराठीत नाहीत,” मी म्हटलं.

“इंजिनीअर साहेबांनी जोडूनच दिलेत, मॅडम. टेक्निकल हाय म्हणे.”

“त्यांना मराठी कोण शिकवणार?” मी लाल पेनाने दोन्ही शब्द तोडले. गरम वेळ. गार वेळ. वर सगळ्या सोसायटीला सांगितलंही, की कारखान्याचा बोर्ड मी तपासलाय.

आज सकाळी सव्वासहाला शिवराज गेटपाशी भेटला. जुळे सोलापुरात आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहतो. माझा जुना विद्यार्थी, आठवड्यापूर्वी त्याच कारखान्यात लागलाय, आजपासून त्या टाकीवर. गाडीला किक मारत म्हणाला, “बाई, काल तुमचा बोर्ड लागला. लई झ्याक! सकाळच्या पाळीला चाळीस मिंटात काम खल्लास की!”

मला नीट कळलं नाही, तरी मी हसले. कौतुक कुणाला नको असतं!

सव्वासातला पिशवी घेतली. एप्रिलात इथे नऊनंतर बाहेर पाय टाकवत नाही. ‘गार वेळ आहे तोवर भाजी आणावी,’ असं स्वतःशीच पुटपुटले आणि उंबऱ्यातच थांबले.

गार वेळ म्हणजे सकाळ. शिवराजने तसंच वाचलं होतं. दुपारच्या उन्हात दीड तास, सकाळच्या गारव्यात चाळीस मिनिटं. जोडला तर गार होण्याचा वेळ, तोडला तर गार अशी वेळ. हा समास मी जन्मभर फळ्यावर सोडवून दाखवला होता. सातला टाकी लावली असेल, तर सात चाळीसला तो झाकण उघडणार होता. आत उकळता रंग आणि कोंडलेली वाफ.

त्याला फोन लावला. नुसता वाजत राहिला. कामगारांचे फोन गेटवर जमा करून घेतात, हे ठाऊक असून पुन्हा लावला. मग ताबीशला लावला, त्याने बऱ्याच वेळाने उचलला. त्याने सुपरवायझर कुमारचा नंबर दिला. कुमारने तिसऱ्यांदा उचलला, तेव्हा सात छत्तीस झाले होते.

“झाकण उघडू देऊ नका! बोर्ड चुकलाय, माझ्या हातून चुकलाय!”

“कोण बोलतंय?”

“आधी शिवराजला थांबवा!”

धावण्याचा आवाज आला, यंत्रांची घरघर, कुणाची तरी आरोळी, आणि फोन कट झाला.

सात चाळीस. सात बेचाळीस. मी पिशवी छातीशी धरून घड्याळासमोर उभी. वर त्याच्या आईच्या कुकरची शिट्टी झाली आणि मी किंचाळले.

सात सत्तेचाळीसला कुमारच्या नंबरवरून फोन आला. शिवराज बोलत होता.

“बाई, हात झाकणाच्या चाकावर व्हता. अर्धा फेरा फिरवला बी व्हता.”

मला रडू आवरेना. “अरे, तिथे सांगायला कुणी जुनं माणूस नव्हतं का?”

“व्हतं की. जोतीरामदादा सांगत व्हते, सव्वादोन तासांच्या आत हात लावू नगंस म्हणून. म्याच न्हाय ऐकलं.”

“का रे?”

“बोर्ड तुमी तपासलेला, बाई. तुमी शब्दात जागा सोडलीया म्हंजी मुद्दामच सोडली असणार, असं वाटलं.”