डावा कौल

आमच्या वाडीत चौदा घरं. त्यातली बारा फक्त गणपतीला आणि शिमग्याला उघडतात. उरलेल्या दोनांपैकी एक माझं, एक हौसावहिनीचं. मी गावचा गुरव, काशीराम. वाघजाईची पूजा पिढ्यान् पिढ्या आमच्याकडे. बायको जाऊन सात वर्षं झाली.

हौसावहिनी रोज सकाळी देवळात यायची. देवीला फुलं आणायची, मला किटलीतून चहा, आणि वर भांडायचीही.

"काशीदादा, समई कधी घासली व्हतीत? मागच्या शिमग्याला?"

"देवीची तक्रार नाय वयनी, तुमचीच का?"

एवढंच बोलणं. पण तेवढ्यावर दिवस काढावा लागतो. ज्याच्या घरात दुसरं माणूस आहे, त्याला हे नाही कळायचं.

दिवाळी झाली आणि तिच्या मृणालीचा विरारहून फोन आला. बाळ सहा महिन्यांचं झालंय, मला कामावर जायचंय, आई, तू आता कायमची ये. वहिनी तशीच माझ्याकडे आली. "देवीला इचारा. ती सांगंल तसं करीन."

आमच्याकडे असलं काही ठरवायचं तर देवीला कौल लावतात. पाषाणाच्या मूर्तीवर डावीकडे आणि उजवीकडे फुलाचा एकेक कळा पाण्याने चिकटवायचा, गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवा पडला तर हो, डावा पडला तर नको. कधी पाच मिनिटं लागतात, कधी तास. कळा पाण्यानेच लावायचा, दुसऱ्या कशाने नाही. माझ्या बापाने मला हे मी नऊ वर्षांचा असताना शिकवलं, आणि चुकलो तेव्हा कानाखाली मारून पुन्हा शिकवलं.

त्या दिवशी माझ्या अंगठ्याला गंध होतं. मुद्दाम ठेवलं होतं, उगाच देवाधर्माच्या नावाने खोटं कशाला बोलू? उजवा कळा गंधाने चिकटवला, डावा नुसत्या पाण्याने. मग हात जोडून गाऱ्हाणं घातलं.

"बा आई वाघजाई, ह्या तुजा लेकरू हौसा पायाशी उभा हाय. लेकीकडं जाव का ऱ्हाव, तूच सांग. जायाचं तर उजवा दे, ऱ्हायाचं तर डावा दे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," वहिनी म्हणाली. आमच्यात देवीलाही म्हाराजाच म्हणतात. एके काळी या "व्हय म्हाराजा"ने देऊळ दणाणायचं. आता हा एकच आवाज होता, आणि तो जाऊ नये म्हणून मी हा उद्योग केला होता.

डावा पडला. वहिनीने पदराने डोळे टिपले आणि ती घरी गेली. मला लाज वाटली. पण त्याहून जास्त बरं वाटलं, हेही खरं.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडा झाला तसा मी तिच्या खळ्यात जाऊन उभा राहिलो. ती पडवीत बसली होती. तोंड उतरलं होतं.

"बरं नाय का?"

"बरी हाय." मग म्हणाली, "देवीसमोर उभं ऱ्हायाला भ्या वाटतं दादा. नातीला बघायला पन सोडत न्हाय ती मला. माज्या हातून काय पाप घडलं आसंल?"

आठवडाभर ही बाई आपलं पाप शोधत होती. ते माझ्या अंगठ्याला होतं. मला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं, गंधासकट. ती शिव्या देईल, झाडू उगारेल असं वाटलं होतं. तसं झालं असतं तर फार सोपं गेलं असतं.

ती हळूच म्हणाली, "मग ह्यांच्या येळचा?"

मला आधी कळलंच नाही. मग आठवलं. सोळा वर्षांपूर्वी तिचा नवरा तापाने फणफणला होता. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात न्यावा का, म्हणून तिने माझ्याकडून कौल लावून घेतला होता. डावा पडला. तिने नेलं नाही. चौथ्या दिवशी तो गेला. देवीचीच मर्जी, असं म्हणत तिने पुढची सोळा वर्षं काढली होती.

"तो खरा व्हता वयनी. देवीच्यान खरा व्हता."

"ह्यो पन देवीसमोरच लावलात ना?"

मी खळ्यातून परत फिरलो.

चार दिवसांनी मृणालीचा नवरा गाडी घेऊन आला. वहिनी मागच्या सीटवर बसली. गाडी देवळावरून गेली तेव्हा मी दारातच होतो, पण तिने माझ्याकडेही पाहिलं नाही आणि देवीकडेही नाही.

नवऱ्याच्या वेळचा तो कौल खरा होता. हे फक्त मला आणि देवीला ठाऊक आहे, आणि आम्हा दोघांपैकी कुणाचंच आता तिला खरं वाटणार नाही.