बारकी, मामा आणि माझे वाकडे पाते

मित्रांनो, मी एक जुना रंधा आहे आणि खरे सांगायचे तर माणसांना पुरता कंटाळलो आहे. शिसवी लाकूड तासून मला घडवले, पोटात पोलादी पाते बसवले आणि पाचर ठोकून घट्ट केले. तेव्हापासून मी आमच्या मिस्त्रींच्या टेबलावर राबतो आहे. दारे, पाळणे, शाळेची बाके, सगळ्यांवरून माझे पोट घासून गेले. काम बघून लोक मिस्त्रींची पाठ थोपटतात आणि माझ्या पाठीवर चहाचा कप ठेवतात.

तेही सोसले. पण शिकाऊ पोर घ्यायचे ठरले की दुकानात जो सावळागोंधळ चालतो, तो सोसवत नाही.

मिस्त्रींची एक पद्धत आहे. शिकायला आलेल्याला आठवडाभर नुसती धार लावायला बसवायचे. शेवटच्या दिवशी माझे पाते मुद्दाम वाकडे बसवायचे, एक फळी रंधायला सांगायची आणि चहाला निघून जायचे. जो पहिल्याच हाताला थांबून मला उलटा करून बघतो, त्याला ठेवायचे. जो नुसता जोर लावत सुटतो, त्याला गोड बोलून घरी पाठवायचे.

यंदा बारकी आली. शाळा नुकतीच संपलेली. आईला तिने कॉलेजात जायला हवे होते, मामाला सुतारकामात. बहीणभाऊ आठवडाभर भांडले. बारकीला काय हवे, हे विचारायचे दोघांच्याही डोक्यात आले नाही. ती मान खाली घालून धार लावत होती आणि छान लावत होती. माझ्याइतके ते कोणाला कळणार?

मामाही कधीकाळी इथेच शिकलेला, त्यामुळे वाकड्या पात्याची मेख त्याला ठाऊक होती. मिस्त्री चहाला गेले, बारकी फळी आणायला मागच्या खोलीत गेली आणि हा शहाणा हळूच आत शिरला. हातोडीने टकटक करून त्याने माझे पाते सरळ केले. मला तोंड असते तर मी दुकान डोक्यावर घेतले असते. पोरीला हे काम जमेल का, हे कळायची एकच वाट होती आणि यानेच ती बुजवून टाकली.

मिस्त्री परतले, तोवर बारकीची आईही निकाल ऐकायला आली होती. फळी गुळगुळीत झाली होती.

"पातं कसं सरळ केलंस?" मिस्त्रींनी विचारले.

"मी हातच नाही लावला. सरळच होतं," बारकी म्हणाली.

मिस्त्रींनी मामाकडे पाहिले. मामा छताकडे पाहू लागला.

"काका, पोरगी हुशार आहे, म्हणून म्हटलं..."

"हुशार आहे तर तू कशाला मध्ये तडमडलास?"

"म्हणजे हिला जमणारच नव्हतं," आई म्हणाली. "चल गं घरी."

मग तिघांची जुंपली. बारकीने मुकाट्याने दुसरी फळी घेतली. पहिल्याच हाताला लाकूड खरखरून उखडले. ती थांबली. मला उलटे करून तिने पाते पाहिले, ते ठीक होते. मग फळीवर बोट फिरवून लाकडाच्या रेषा कुठल्या दिशेला जातात ते पाहिले आणि फळीची पुढची बाजू मागे केली. पुढच्या हाताला कागदासारखी पातळ, लांब साल निघाली. कोणी बघत होते का? बघायचे नाव नको. तिघे तिच्या भवितव्याची चर्चा करत होते ना.

पण मिस्त्री बोलता बोलता थबकले. रंधण्याचा आवाज बदलला होता.

"फळी कोणी फिरवली?"

"मी. उलटी सोलली जात होती."

"कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. दिसतंच आहे ना ते."

मिस्त्रींनी हात वर करून बाकीच्या दोघांना गप्प केले आणि आठवडाभरात पहिल्यांदा कोणीतरी तो प्रश्न विचारला.

"तुला यायचंय का इथे?"

"यायचंय," बारकी म्हणाली. "पण मामाला दुकानात येऊ देऊ नका."

"हे मात्र मला पटलं," आई म्हणाली.

मित्रांनो, आम्हा अवजारांना तेल द्या, ओलीत टाकू नका, एवढे तर मी मागतोच. पण पोराला काम शिकायला घालायचे की नाही, यावर वाद घालण्याआधी त्याच्या हातात काम द्या, त्याला विचारा आणि तोवर कृपा करून आपले हात खिशात ठेवा.