डाळीएवढा चंद्र

ह्यूस्टनच्या प्रयोगशाळेत वर्ना स्टोकली दगड घासायची. अंतराळवीरांनी चंद्रावरून आणलेल्या खडकांचे बारके तुकडे तिच्याकडे यायचे. काचपट्टीवर चिकटवून ती ते फिरत्या चाकावर इतके पातळ करायची, की आरपार उजेड दिसावा. मग ते काप वरच्या मजल्यावर शास्त्रज्ञांकडे जायचे, आणि वर्ना पुढचा तुकडा घ्यायची.

त्या मंगळवारचा तुकडा डाळीच्या दाण्याएवढा होता. डॉक्टर लिंडक्विस्ट तो स्वतः घेऊन आले.

"मिस वर्ना, दोनपर्यंत हवाय. बैठक आहे."

काम अर्ध्यावर आलं आणि चाकाचा आवाज बदलला. सारखी खरखर चालली होती, त्यात मधूनच टिकटिक व्हायला लागली. वर्नाने चाक बंद केलं.

"का थांबलात?" अजून शेजारीच उभ्या असलेल्या डॉक्टरांनी विचारलं.

"आत एक टणक कण आहे, डॉक्टर. भोवतालचा दगड भुसभुशीत आहे. चाकावर धरला तर कण उपटून जाईल. हाताने घासावं लागेल."

"हे आवाजावरून कळलं?"

"हो."

"पण पद्धत ठरलेली आहे."

"असेल. तुम्हाला दोन वाजता भोक हवंय, की पाच वाजता दगड?"

डॉक्टरांनी घड्याळाकडे पाहिलं. "पाच," ते म्हणाले. "बिघडलं, तर सगळ्यांना तुमचं नाव सांगेन."

"सांगा. फक्त स्टोकली म्हणा. लोक स्टोकर म्हणतात."

सपाट काचेवर तेलाचा थेंब, चिमूटभर घासायची पूड आणि बोटांचा हलका दाब. दहा फेरे मारायचे, पुसायचं, उजेडात धरायचं, पुन्हा दहा फेरे. जेवायचं राहून गेलं. मनगटं भरून आली. पावणेपाचला ती काप घेऊन स्वतःच वर गेली.

डॉक्टर मोठ्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले. मग त्यांनी सहकाऱ्याला जागा दिली.

"कडा शाबूत आहेत," तो म्हणाला. "हा कण भोवतालच्या खडकापेक्षा जुना दिसतोय. बराच जुना. वय काढता येईल."

"मिस वर्ना," डॉक्टर खुर्ची पुढे सरकवत म्हणाले, "बसा."

खाली जाडी तपासायला तिच्याकडे छोटं सूक्ष्मदर्शक होतं. या खुर्चीत मात्र सहा वर्षांच्या नोकरीत तिला कोणी बसवलं नव्हतं. ती वाकली. निळ्या-केशरी रंगांच्या गर्दीत तो कण राखाडी, शांत, अख्खा बसला होता.

"डावीकडे एक ओरखडा राहिलाय," ती म्हणाली.

सगळे हसले. वर्नाही हसली, पण डोळा न काढता. आणि उठायची तिने मुळीच घाई केली नाही.