फिदेलियाबाईंनी सोडलेला दोर

फिदेलियाबाईंच्या खुर्चीच्या पाठीला जाडजूड दोर गुंडाळलेला दिसतोय ना, तो मी. तिकीट घेताना माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. साहजिकच आहे. खाली अख्ख्या युकातान प्रांतातला सगळ्यात निळा डोह पसरलेला असताना जुन्या दोराचं तोंड कोण बघणार? पण पाच मिनिटं माझं ऐका आणि मग खुशाल उडी मारा.

माझा जन्म घायपाताचा. बाईंच्या नवऱ्याने, अनसेल्मोने, परसातली पानं तोडली, खरवडून त्यांचा वाख काढला, उन्हात वाळवला आणि मांडीवर वळून मला घडवलं. वळताना तो गाणी म्हणायचा. ती इतकी बेसूर असायची की माझा पीळ भीतीनेच घट्ट बसला असावा.

सुरुवातीला मी या डोहातून पाण्याचा पोहरा ओढायचो. गावात नळ आला आणि माझी नोकरी गेली. दोन वर्षं मी कोंबड्यांच्या खुराड्यामागे पडून होतो. मग पर्यटक यायला लागले, आणि अनसेल्मोने मला शेवटच्या पायरीपासून पलीकडे पाण्यात उतरलेल्या झाडाच्या मोठ्या मुळापर्यंत पाण्यावर ताणून बांधलं. दमलेल्याला धरायला काहीतरी हवं, म्हणून. दरवर्षी तो माझ्यात नवा वाख गुंफायचा.

माणसं काय काय करतात, ते मी पाण्याला लागून पाहिलंय. पायरीवर उभं राहून अर्धा तास फोटो काढतात आणि पाण्यात पाच मिनिटं राहतात. ‘मी समुद्रात पोहलेला माणूस’ म्हणणारा गडी पाय टेकेनासे झाले की मला अशी मिठी मारतो, जसं काही मी त्याचा हरवलेला भाऊ. पाणी गार आहे हे तर प्रत्येक जण किंचाळून सांगतो. अहो, आम्हाला ठाऊक आहे!

अनसेल्मो वारला आणि गावसभेने डोहाच्या दारावरची तिकिटाची खुर्ची बाईंना दिली. खुर्ची मिळाली तशी बाईंना वाचा फुटली. त्यांचा मुख्य नियम एकच. आधी नळाखाली आंघोळ, अंगाचं तेल, क्रीम, अत्तर सगळं धुवायचं, मगच पाण्यात. मधुचंद्राला आलेल्या नवरीला त्यांनी केस धुवायला परत पाठवलं होतं. एका पाद्रीबाबांनाही सोडलं नव्हतं. वर कठड्यावरून त्यांचा आवाज घुमायचा, “हनुवटी वर! पाय झाडा, पाय! घाबरताय काय, मी रोज उतरते!”

हे धादांत खोटं होतं. बाई रोज उतरायच्या ते शेवटच्या पायरीपर्यंत. मला दोन्ही हातांनी घट्ट धरून घोटाभर पाय बुडवायच्या आणि परत जायच्या. हे फक्त मला माहीत होतं. मी कुणाला बोललो नाही.

त्या लहान असताना त्यांची आई सांगायची, ‘पाण्याच्या धन्यांना न विचारता उतरलीस तर ते तुला ठेवून घेतील.’ ते बाईंच्या मनात रुतून बसलं होतं. दरवर्षी त्या तुंब्याच्या नऊ वाट्यांत मक्याची पातळ कांजी ठेवून धन्यांना विनवायच्या, “पाहुणे येतील, त्यांना धडधाकट परत द्या.” परक्या देशांतल्या हजारो माणसांसाठी परवानगी मागितली. स्वतःसाठी एकदाही नाही. मागितली असती तर कदाचित मिळाली असती, आणि मग उतरावं लागलं असतं!

गेल्या वर्षी गावसभेने ठरवलं, दारावर बसणाऱ्याला पोहता आलंच पाहिजे. पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर परीक्षा. पायरीपासून मुळापर्यंत जायचं, दोर न धरता. बाई नापास झाल्या तर खुर्ची त्यांच्या दिराला, विल्बेर्तला.

विल्बेर्त केसांना चोपडून सुगंधी तेल लावणारा माणूस. त्याच दिवशी येऊन खुर्चीवर टेकून बघितलं त्याने.

“वहिनी, जरा टणकच आहे हो. उशी लागेल.”

“उठा आधी. तेलाचे डाग पडतील,” बाई म्हणाल्या.

पण तो गेल्यावर त्या खाली आल्या आणि मला धरून बसून राहिल्या. “अनसेल्मो गेला, घर सुनेच्या हाती गेलं,” त्या पुटपुटल्या. “एवढी खुर्चीच राहिली रे माझी.” मला भडभडून आलं. दोराला रडता येत नाही, तो नुसता करकरतो.

दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी दहावी वाटी आणली. “ही माझी,” एवढंच म्हणाल्या, आणि कशिद्याच्या पांढऱ्या झग्यासकट कंबरेपर्यंत पाण्यात उतरल्या. मग आठवडाभर रोज. मला पकडून पाय झाडायच्या आणि स्वतःलाच दबक्या आवाजात दटावायच्या, “हनुवटी वर, फिदेलिया! पाय झाड!” सगळं जमलं. मला सोडणं तेवढं जमेना.

रविवारी अख्खा गाव पायऱ्यांवर जमला. बाई पाण्यात शिरल्या, आणि मला जे धरलं ते धरलंच.

“वहिनी,” वरून विल्बेर्त ओरडला, “दोर सोडा, नाहीतर खुर्ची सोडा!”

हशा पिकला. बाईंनी वर बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि एकेक बोट करून मला सोडलं.

निम्म्यापर्यंत छान गेल्या. मग झगा पायांत अडकला आणि डोकं पाण्याखाली गेलं. हसू थांबलं. तेवढ्यात “वहिनी!” अशी किंकाळी फुटली आणि विल्बेर्तने टोपी, सदरा, बुटांसकट उडी घेतली. तो सगळा ऐवज माझ्यावर आदळला आणि मी मधोमध तुटलो.

गाव म्हणतो, दोर तुटला म्हणून बाईंना पोहावं लागलं. साफ चूक! मी तुटायच्या आधीच त्यांनी मला सोडलं होतं. एवढं मात्र नीट लक्षात ठेवा.

बाई वर आल्या, हनुवटी वर, पाय झाडत, थेट मुळापाशी. मूळ धरून त्यांनी दम घेतला. मागे वळून पाहतात तर दीर माझं तुटकं टोक धरून गटांगळ्या खातोय आणि त्याच्याभोवती पाण्यावर तेलाचा तवंग.

“भावजी!” त्या गरजल्या. “आंघोळ केलीत का?”

विल्बेर्तला सगळ्या गावासमोर बाहेर पडून नळाखाली उभं राहावं लागलं. खुर्चीचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

आता डोहावर नायलॉनचा केशरी दोर आहे. दिसायला देखणा आहे, मी काही बोलत नाही. माझा एक तुकडा बाईंनी इथे गुंडाळलाय, पाठ टेकायला. त्या टेकल्या की मला बरं वाटतं.

जा आता, उडी मारा. पायरीवर पाय अडखळला तर लाजू नका. हल्ली बाई ‘मी रोज उतरते’ असं ओरडत नाहीत, खरोखर रोज उतरतात तरी. कुणी थबकलं की कठड्यावर वाकून म्हणतात, “भीती वाटतेय? वाटू दे. मला जन्मभर वाटत होती.”